कोंड्यातला बांगडा

एकोणीस वर्षं मी एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत होते. विसाव्या वर्षी कंपनीने ते काम दुसऱ्या एका सॉफ्टवेअरला दिलं आणि मला टेबलावरच्या वस्तू भरायला एक खोका दिला. खोका बराच मोठा होता. एक मग, एक स्वेटर आणि चार्जर त्यात घातल्यावरही तो रिकामाच वाटत होता, म्हणून मी कॅल्क्युलेटरही घेतला. तो कंपनीचा होता.

त्यानंतर दोन महिने मी न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या घरात बसून अर्ज पाठवत होते. नवरा सकाळच्या ट्रेनने न्यूयॉर्कला निघताना रोज म्हणायचा, "थोडा आराम कर यार." मी आराम करायचे आणि अकरापर्यंत तो संपायचा. जानेवारीत मिशिगनला शिकणाऱ्या लेकीने ॲन आर्बरहून फर्माईश केली, की तिला अमुक एका प्रकारच्या जपानी नूडल्स हव्यात. त्या फक्त उत्तरेकडच्या एका मोठ्या जपानी दुकानात मिळतात. तासाभराचा ड्राइव्ह. मी गेले, नूडल्स घेतल्या, आणि काउंटरवर एक कागद चिकटवलेला दिसला: दहा दिवसांसाठी मदतनीस पाहिजे.

मॅनेजर बाई तिशीतल्या, जपानी आईबापांच्या, पण जन्मापासून न्यू जर्सीच्या. त्यांनी मला कोबीच्या खोक्यांमध्ये उभं करून मुलाखत घेतली.

"माशाचा वास चालतो?"

"चालतो."

"सहा तास उभं राहता येईल?"

"एकोणीस वर्षं बसले आहे. जमेल."

"जपानी येतं?"

"नाही."

त्यांनी जरा विचार केला. जपानी येणाऱ्या बाईंनी आदल्या दिवशीच कॅन्सल केलं होतं. "इंग्रजी चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "सोमवारी या. केस बांधून."

काम असं होतं: जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शहराने आपल्याकडचा हिवाळ्यातला माल अमेरिकेत दाखवायला पाठवला होता. तिथले मासे, तिथल्या भाज्या, तिथली फळं. दुकानाच्या मधोमध त्यांचा स्टॉल लागणार आणि मी गिऱ्हाइकांना चव देऊन माहिती सांगणार. शहराचं नाव तीन अक्षरांचं होतं. दहा दिवस मी ते चुकीचं उच्चारलं, हे मला अकराव्या दिवशी कळलं.

त्या शहराच्या नगरपालिकेतून एक अधिकारी आले होते. मत्स्य विभागात नोकरीची पस्तीसएक वर्षं काढलेले, निवृत्तीला दोन महिने उरलेले. करडा सूट, त्यावर शहराचं नाव लिहिलेलं निळं जाकीट, आणि त्यावर दुकानाचा एप्रन. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. ते फोनमध्ये जपानी बोलायचे आणि फोन ते इंग्रजीत सांगायचा. फोनचा आवाज एका तरुण, अतिशय उत्साही बाईचा होता. साहेब स्वतः अजिबात उत्साही दिसत नव्हते.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला एक छापील कागद दिला. त्यावर गिऱ्हाइकांना सांगायची बारा वाक्यं होती. चौथं वाक्य असं होतं, की या माशाच्या पोटात हिवाळ्याचं प्रामाणिक तेल आहे. सातव्यात गाजराबद्दल लिहिलं होतं, पण चित्र सलगमचं होतं. मी पर्समधून पेन्सिल काढली. सवय.

साहेब शेजारी उभे राहून बघत होते. मी चौथं वाक्य बदलून लिहिलं: थंडीत हा मासा चरबी धरतो, म्हणून तो आत्ताच खावा. त्यांनी फोनला विचारलं, दोन्ही वाक्यं ताडून पाहिली, आणि 'प्रामाणिक' या शब्दावर स्वतःच्या पेनाने रेघ मारली. मारताना थोडे थांबले. बारापैकी नऊ वाक्यांत चुका निघाल्या. त्यांनी प्रत्येक चुकीला मान झुकवली. मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

हा मासा म्हणजे हाताएवढा लांब, पाठीवर निळसर, अंगावर एक पिवळा पट्टा असलेला. पोस्टरवर तो पाच फूट होता. साहेबांनी मला समजावलं, की त्यांच्याकडे ऐन थंडीत ढग गडगडले की हा मासा उत्तरेकडून खाली किनाऱ्याला येतो. गडगडाट झाला की गावातले लोक खूश होतात.

"विजा चमकल्यावर?" मी विचारलं.

"हो," फोन आनंदाने म्हणाला.

फक्त तो मासा आलेलाच नव्हता. तो येणार त्याच दिवशी न्यू जर्सीत बर्फाचं वादळ झालं आणि विमान दुसऱ्याच कुठल्या तरी गावी उतरवलं गेलं. माशांची खोकी बर्फात गुंडाळलेली तिकडे अडकली. म्हणजे मासे खराब होण्याचा प्रश्न नव्हता, पण ते आमच्याकडेही नव्हते. पाच फुटी पोस्टरखाली आम्ही तीन गोष्टी मांडून उभे राहिलो: माशाचा तुकडा आत घालून आंबवलेल्या सलगमच्या चकत्या, वाळवलेले पर्सिमन, आणि बांगडा.

पर्सिमन खपले. खजुरासारखं गोड, आतून मऊ फळ ते. त्याला काही सांगावं लागत नव्हतं. सलगमच्या चकत्याही लोक कुतूहलाने खायचे. बांगड्याला मात्र कोणी हात लावेना. हा बांगडा मिठात मुरवून मग भाताच्या कोंड्यात घालून पिंपात दाबून ठेवतात, वर दगड ठेवून, वर्षभर, कधी दोन वर्षं. मग कोंडा झटकून, पातळ काप करून, जरासा भाजून खातात. त्याचा वास स्टॉलपासून फळांच्या विभागापर्यंत जायचा. लोक यायचे, काडीवरचा तुकडा नाकाशी न्यायचे, आणि तो परत कसा ठेवावा ते न कळून माझ्याकडे बघायचे. साहेब प्रत्येकाला वाकून नमस्कार करायचे.

मला त्या वासाचं काही वाटत नव्हतं. किंवा वाटत होतं, पण तसं नाही.

नागपूरला आमच्या लहानपणी आठवडी बाजारात सुके झिंगे आणि बोंबील पोत्यावर ढीग घालून विकायला असायचे. आई ते वर्तमानपत्रात बांधून, पिशवीच्या तळाशी ठेवून, वर पालेभाजी रचून आणायची. बाबांना सरकारी नोकरी लागल्यावर आम्ही क्वार्टरमध्ये राहायला गेलो. तिथे सुकी मासोळी तव्यावर पडली, की वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या. अशी लावायच्या, की आम्हाला ऐकू यावं. कॉलनीत आम्ही नवीन होतो, तरी त्या वासानंतर आमचं आडनाव कोणी विचारलं नाही. पुढे आई फक्त त्या काकू गावाला गेल्या की मासोळी करायची. आणि मी आठवीत असताना तेही थांबलं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोटाला त्रास होते." कोणाच्या पोटाला ते तिने सांगितलं नाही, आणि मीही परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो होतो. टेबलावर माझ्या किल्ल्या पडल्या होत्या आणि किल्ल्यांना बुद्धाची छोटी पितळी मूर्ती आहे. साहेबांनी ती पाहिली आणि फोनला काहीतरी विचारलं.

"तुम्ही बौद्ध आहात?" फोनने मला विचारलं.

"हो."

"भारतात बौद्ध असतात?"

"असतात. सुरुवात आमच्याकडेच झाली."

साहेबांनी ताबडतोब मान झुकवली, आपण हे विसरलो होतो म्हणून. मग विचारलं, किती पिढ्यांपासून?

"आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून."

"त्याआधी?"

हे फोनला झेपेल का याचा मी विचार केला. मग साध्या इंग्रजीत सांगितलं, "त्याआधी जो धर्म होता त्यात आम्हाला देवळात येऊ देत नव्हते. म्हणून लाखो लोकांनी एकदम तो सोडला."

फोनला वेळ लागला. साहेबांनी वाक्य ऐकलं, मग कळ दाबून परत ऐकलं. शेवटी फोनशी हळू बोलले.

"आमचं घरही बौद्ध आहे," फोन म्हणाला. "पण फक्त कोणी वारलं की."

मग त्यांनी आपल्याकडच्या वाळवलेल्या पर्सिमनचे दोन भाग केले आणि मोठा भाग माझ्याकडे सरकवला.

त्या संध्याकाळी मी बांगड्याचं एक पाकीट घरी नेलं. कोंडा धुऊन टाकला, मीठ उतरावं म्हणून तुकडे अर्धा तास पाण्यात ठेवले, आणि कढईत तेल तापवून भरपूर लसूण, कांदा आणि लाल तिखट घातलं. नवरा कोट काढत आत आला आणि दारातच थांबला. तो नाशिकचा. त्याच्याकडेही सुकट व्हायची. त्याने धुराचा अलार्म स्टूलवर चढून काढून ठेवला.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. नागपूरला पहाट होती; ती साडेचारला उठते. मी फोन डब्यांना टेकवून उभा केला.

"काय बनवून राहिली?" आईने विचारलं.

"मासोळी."

"कोणती?"

"सुकी. जपानची आहे."

"जपानचे लोक सुकी मासोळी खातात?"

"खातात ना. तिकडची नगरपालिकाच विकून राहिली, आई. त्यांचा मोठा साहेब आला आहे इथं. दिवसभर माझ्याबरोबर उभा राहून लोकांना देतो."

आईने चष्मा शोधून लावला.

"साहेब कसा आहे?" तिने विचारलं.

"सूट घालून येतो."

"सूट घालून?"

"टायपण असते."

आई चष्मा वर सरकवून स्क्रीनच्या अगदी जवळ आली, इतकी, की मला फक्त तिचं कपाळ दिसत होतं.

"कांदा अजून लाल होऊ दे," ती म्हणाली. "घाई नको करू."

मी घाई केली नाही. आम्ही दोघांनी भाकरीबरोबर ते खाल्लं. नवऱ्याने तिसरी भाकरी मागितली, जी तो डॉक्टरांनी सांगितल्यापासून मागत नाही.

सकाळी उरलेलं मी स्टीलच्या डब्यात घालून साहेबांसाठी नेलं. त्यांनी मागच्या खोलीत उभ्या उभ्या एक घास खाल्ला. कपाळावर घाम आला. रुमालाने तो टिपला, टाय खांद्यावरून मागे टाकली, खाली बसले आणि डबा संपवला. मग मॅनेजर बाईंना बोलावून बरंच काही बोलले. बाई मध्येमध्ये माझ्याकडे बघत होत्या.

"ते म्हणतात, हे स्टॉलवर द्यायचं," बाई मला म्हणाल्या. "पण घरून केलेलं दुकानात देता येत नाही. हेल्थवाले येतील. इथेच, इथल्या सामानात करावं लागेल."

तेव्हा त्याच तिसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांनी बाह्या वर करून विजेच्या तव्यावर कांदा परतायला घेतला, आणि मी शेजारी उभी राहून सूचना देऊ लागले. दुकानात कोरियन मिरची पूड होती. रंग भडक, तिखटपणा नावाला. आम्ही ती दुप्पट घातली. मी माझ्या दोन ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, की जपानी सुकट, फुकट चव. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. चारनंतर आयसेलिनच्या भारतीय वस्तीकडून दोन गाड्या आल्या.

त्यातल्या एक काकू सत्तरीच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या, चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर नवऱ्याबरोबर आलेल्या. त्यांनी कागदाच्या वाटीतला घास खाल्ला, डोळे मिटले आणि उघडले.

"आमसूल घातलं नाहीस?"

"इथे मिळत नाही, काकू."

"कांदा कोणी परतला?"

मी साहेबांकडे बोट केलं. काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चांगला परतलाय," त्या मराठीतच त्यांना म्हणाल्या, आणि सहा पाकिटं उचलली. साहेबांनी वाकून नमस्कार केला. फोन मध्ये आला नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आमसुलं पाठवून दिली. ती वापरता आली नाहीत, तेच ते हेल्थचं कारण. साहेबांनी एक तोंडात टाकून चघळलं आणि डायरीत काहीतरी लिहिलं.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. पाचव्या दिवशी एक ठेंगण्या जपानी आजी आल्या. त्या त्याच शहराच्या बाजूच्या होत्या आणि जाहिरात वाचून दोन बस बदलून आल्या होत्या. तव्यातला लाल बांगडा पाहून त्या जागीच उभ्या राहिल्या. मग त्यांनी साहेबांना हळू आवाजात सुनवायला सुरुवात केली. दहा मिनिटं तरी झाली असतील. साहेब मान खाली घालून ऐकत होते. हातात उलथनं तसंच. शेवटी आजी माझ्याकडे वळल्या आणि काहीतरी बोलल्या. मॅनेजर बाईंनी सांगितलं, "त्या म्हणतात, तुमची चूक नाही. तुम्हाला माहीत नव्हतं."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, मीच शिकवलं."

बाईंनी ते सांगितलं नाही. साहेबांनी तवा पुसला, दोन काप नुसते भाजले आणि भाताच्या छोट्या मुदीवर ठेवून आजींना दिले. त्या कठड्याला टेकून खात होत्या तेव्हा साहेब त्यांच्याशी बोलत होते, आणि मला फक्त गावांची नावं असावीत असे शब्द ऐकू येत होते. जाताना आजींनी साधी चार पाकिटं नेली. लाल वाटीकडे बघितलंसुद्धा नाही.

ताजा मासा आठव्या दिवशी आला, जपानहून नव्याने पाठवलेला. साहेब सकाळी सहापासून दुकानाच्या मागच्या दाराशी उभे होते, असं मला बाईंनी सांगितलं. खोकं उघडून त्यांनी आधी माशाचा डोळा पाहिला, मग कल्ले उघडून पाहिले, मग पोटावर तळहात ठेवून काही क्षण तसेच राहिले. आठ दिवसांत ते पहिल्यांदा हसले. मासा कापायला दुकानाचा माणूस होता, पण साहेबांनी सुरी मागून घेतली. लोक फोन वर धरून उभे राहिले. पहिला काप त्यांनी कागदी बशीत घालून मला दिला. कच्चा.

मी आयुष्यात कच्चा मासा खाल्ला नव्हता. एवढे लोक बघत होते म्हणून खाल्ला. लोण्यासारखा विरघळला आणि मग काहीच राहिलं नाही. चव शोधेपर्यंत तो गेला होता.

"कसा आहे?" फोनने विचारलं.

"तिखट नाही," मी म्हटलं.

फोनने ते जसंच्या तसं सांगितलं. साहेब इतके हसले, की त्यांना सुरी खाली ठेवावी लागली. दोन दिवसांत सगळा मासा संपला.

प्रदर्शन संपलं त्या दिवशी साहेबांनी अहवाल लिहायला घेतला. इंग्रजी भाग मी तपासायचा होता. बांगड्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: गिऱ्हाइकांकडून चांगला प्रतिसाद. मी विचारलं, "आणि तिखट?" त्यांनी फोन हातात घेतला, पण त्यात काही बोलले नाहीत. त्यांच्या वरचे लोक म्हणणार, की चारशे वर्षं चालत आलेल्या मालाचं तू काय केलंस. हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. एकोणीस वर्षं मी चुकांचे अहवालच लिहीत होते. मी म्हटलं, "नसेल लिहायचं तर राहू द्या."

त्यांनी कागद परत घेतला आणि आपल्या हाताने, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, एक ओळ वाढवली. कांदा, लसूण, मिरची, भारतीय बाईंची पद्धत. मला तपासायला दिली. चूक नव्हती.

त्यांचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. त्यांना इथला समुद्र बघायचा होता. बाईंना वेळ नव्हता, म्हणून मी गाडी काढली. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग होते. किनाऱ्यावर माणूस नव्हता. आइस्क्रीमची दुकानं फळ्या ठोकून बंद. साहेब बूट भिजवत पाण्यापर्यंत गेले, वाकून हात बुडवला आणि हातरुमालाने पुसत परत आले.

"इथे जानेवारीत कोणता मासा असतो?" फोनने विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"आणि वसंतात?"

तेही मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं मी या समुद्रापासून तासाभरावर राहते. दर उन्हाळ्यात लेकीला घेऊन यायचे, वाळूत चटई टाकायचे, सँडविच खाऊन घरी जायचे. साहेबांनी कौतुकाने नाही की रागाने नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

धक्क्याजवळ गळ आणि आमिष विकणारं एक दुकान उघडं होतं. आत हीटरशी पाय करून एक म्हातारा गोरा माणूस बसला होता. मी त्याला सांगितलं, की हे जपानमधून आले आहेत, मत्स्य खात्यातले आहेत आणि त्यांना इथले हंगाम जाणून घ्यायचे आहेत. त्याने पाय खाली घेतले. असा प्रश्न त्याला बरेच दिवस कोणी विचारला नसावा. मार्चमध्ये चपटा फ्लाउंडर, तो सांगू लागला, मग एप्रिलमध्ये पट्ट्यांचा बास, मे महिन्यात ब्लूफिश, तो लगेच खायचा, ठेवायचा नाही. साहेब लिहून घेत होते. मीही पर्समधून पेन्सिल काढून विम्याच्या जुन्या पाकिटावर लिहायला लागले.

"बांगडा?" साहेबांनी स्वतः विचारलं, इंग्रजीत.

"पूर्वी वसंतात यायचा," म्हातारा म्हणाला. "बोटी भरून. आता दिसत नाही फारसा. पाणी गरम झालंय."

फोनने सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "आमच्याकडेही." पिवळ्या पट्ट्याचा मासा आता उत्तरेकडेच जास्त काळ राहतो, उशिरा येतो, कधी थोडाच येतो. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी धक्क्यावर चालायला जागा नसायची. मग म्हाताऱ्याने विचारलं, की ते आमिष म्हणून काय लावतात, आणि त्यावर अर्धा तास गेला. आम्ही विमानतळावर जेमतेम वेळेत पोचलो. निरोप घेताना मी हात पुढे केला आणि ते वाकले. मग मी वाकले आणि त्यांनी हात पुढे केला. दुसऱ्या वेळी जमलं.

एप्रिलमध्ये मला हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं, पुन्हा चुका शोधायचंच. मे महिन्यातल्या एका शनिवारी मी नवऱ्याला घेऊन त्या धक्क्यावर गेले. ब्लूफिश आला होता. बोटीवरून उतरवलेला एक घेतला, घरी आणून त्याच दिवशी केला, काकूंचं आमसूल घालून. नवऱ्याला काटा लागला, पण त्याने पूर्ण खाल्ला.